आमचा नवस शेजारच्या प्लॉटला पावला

मंदी संपली हे आम्हाला सगळ्यात आधी कुत्र्यांवरून कळलं. आमच्या वसाहतीतल्या रिकाम्या प्लॉटांवर, अर्धवट भिंतींच्या आडोशाला ती काही वर्षं सुखानं झोपत होती. बिल्डर पळाला, बँक बुडाली, आमचं चलन बाथ घसरलं, पण कुत्र्यांची झोपमोड कोणी केली नव्हती. त्या वर्षी मात्र थंडी संपता संपता अनोळखी गाड्या यायला लागल्या. गॉगल लावलेली माणसं उतरत, जमिनीवर टाच आपटून बघत, आणि कुत्री उठून दुसऱ्या प्लॉटवर जाऊन पडत. तिथंही गाडी येई. कुत्र्यांना एका जागी धड झोप मिळेनाशी झाली की बाजार उठला समजावं, हे माझं निरीक्षण मी वर्गात सांगितलं. परीक्षेत 'आर्थिक सुधारणेची लक्षणे लिहा' या प्रश्नाखाली एका मुलानं फक्त 'कुत्री' असं लिहिलं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

मी भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते भूगोलाच्या मास्तराच्या हातून व्हायला नको होतं. शिवाय जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्यामुळे मला समोर प्रश्न असल्याशिवाय उत्तर सुचत नाही. वाचकांनी सर्व प्रश्न सोडवायलाच हवेत असं नाही.

कारणे द्या : मास्तर प्रयोंग यांना घर विकायचे होते.

कारण एकच, आणि तिचं नाव खाओपुन. खाओपुन म्हणजे तांदळाच्या शेवया. आमच्या सुनेला, मीवला, डोहाळे शेवयांचे लागले होते, म्हणून नातीला हाक मारायचं नाव ते पडलं. नात बँकॉकच्या त्या टोकाला, ऑन नुतला, आणि आम्ही या टोकाला, रंगसितच्या कालव्यांपलीकडे. सकाळी निघून, बस बदलत बदलत पोचावं तर ती जेवून झोपलेली. ती उठायच्या आत परतीला निघावं, नाहीतर शेवटची बस चुकणार. माझी बायको पुई नातीच्या उशाशी बसून तिचे तळपाय बघून यायची आणि आठवडाभर त्या तळपायांचं वर्णन करायची.

मुलाच्या, चातच्या, इमारतीत त्याच मजल्यावर एक लहान फ्लॅट विकायला होता. मालकीण भली. म्हणाली, "आजी-आजोबांसाठी सोंगक्रानपर्यंत थांबते. त्यानंतर माझा इलाज नाही. रोज कोणी ना कोणी विचारतंय." सोंगक्रान म्हणजे एप्रिलमधलं आमचं नवं वर्ष. तोवर इकडचं विकून तिकडचं घ्यायचं, एवढा साधा बेत.

साधा वाटला. बाजार सुधारतो म्हणजे सगळीकडे एकदम सुधारतो असं मला वाटत होतं, पाऊस पडावा तसा. तसं नसतं. तो स्कायट्रेनच्या, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या, खांबाखांबानं पुढे सरकतो. खांबाजवळचा फ्लॅट महिन्यागणिक महाग होत होता आणि आमच्याकडे खांबच नव्हते. आमच्याकडे होते 'आल्प्स व्हिला'. हे वसाहतीचं नाव. तिथली सर्वात उंच जागा म्हणजे गेटजवळचा गतिरोधक.

रिकाम्या जागा भरा.

मी पाटी रंगवली : 'घर विकणे आहे.'

थवीकाका आले. लष्कराच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर पहिला सूर आपणच लावायचा हा त्यांचा नियम.

"मास्तर, 'विकणे आहे' लिहिलं की माणूस अडलेला वाटतो."

"मग काय लिहू?"

"'विकण्याचा विचार आहे.'"

"काका, विचार करणाऱ्याकडून घर कोण घेईल?" मालीवानमावशी म्हणाल्या. गेटजवळ त्यांची भात-कालवणाची गाडी, त्यामुळे वसाहतीत कोण आलं, कोण गेलं आणि कुणाचं पोट बिघडलंय ही माहिती त्यांच्याकडे ताजी असते. "'मालक परदेशी जात आहेत' असं लिहा. लोकांना वाटतं, घाईत स्वस्त मिळेल."

"मी कुठे परदेशी चाललोय?"

"ऑन नुत तुम्हाला परदेशापेक्षा जवळ आहे का?"

दोघांचंही लिहिलं. मग कोणी सांगितलं, हवेशीर लिहा. कोणी म्हणालं, पाणी तुंबत नाही हे मुद्दाम लिहा. त्यावर दुसऱ्यानं बजावलं, मुद्दाम लिहिलंत तर तुंबतंय असं वाटेल. शेवटी पाटीवर इतका मजकूर झाला की एका गृहस्थांनी गाडी थांबवली, उतरून सगळं शांतपणे वाचलं, "अक्षर सुरेख आहे," म्हणाले आणि गेले.

घर बघायला मात्र माणसं येत होती, आणि खरं सांगतो, मला त्यांचं विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. माणूस दुसऱ्याच्या घरात काय बघतो? एका बाईंनी सगळे नळ सोडले आणि डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. एक तरुण जोडपं आमच्या झोपायच्या खोलीत फरशीवर आडवं झालं, छताकडे बघत राहिलं आणि आपापसात भांडून निघून गेलं. एकानं फक्त विचारलं, "तुम्ही इथं सुखी होतात का?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तेवढ्यात पुई म्हणाली, "चहा घेणार का?" हाही गेला.

महिना सरला. त्या फ्लॅटच्या मालकिणीचा फोन आला : "आजोबा, काय ठरलं?"

त्या संध्याकाळी पुई म्हणाली, "जगाला विचारून झालं. राखणदाराला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात खांबावरचं आमचं छोटं देऊळ, त्यात जागेचा राखणदार. आम्ही राहायला आलो तेव्हापासून पुई त्याच्यापुढे रोज मोगऱ्याचा गजरा ठेवायची आणि लाल सरबताची बाटली, झाकण काढून, वर नळी खोचून. देव झाला तरी बाटली तोंडाला लावून पिणार का? आणि मी त्याला न कळवता त्याच्या अंगणात पाटी ठोकून मोकळा झालो होतो.

मी आंघोळ करून, उदबत्त्या लावून गुडघे टेकले. नवस बोलायचा म्हणजे नीट बोलावा. मोघम बोलणं मला वर्गातही चालत नाही. मी म्हणालो, "महाराज, आपण ज्या भूमीवर उभे आहात, ती भूमी सोंगक्रानच्या आत विकली जाऊ दे. आपल्यापुढे नर्तकींचा नाच करवीन, शंभर उकडलेली अंडी वाहीन."

"अंडी कशाला कबूल केलीत?" पुई कुजबुजली. "सोलायची कोणी?"

नकाशात दाखवा.

आठ दिवसांत भूमी विकली गेली. आमची नव्हे. शेजारची.

आमच्या पूर्वेचा प्लॉट. बिल्डर पळाला तेव्हापासून नुसतं गवत आणि कुत्री. त्याच्याकडे मंदीत कोणी ढुंकून पाहिलं नाही आणि मंदी सरल्यावरही नाही, आणि एका मंगळवारी तो एकदम विकला गेला. मी उदारपणे म्हणालो, "चला, निदान आपल्या गल्लीत वारं फिरलं." मग जमीन कार्यालयाची माणसं दुर्बीण आणि लाल फडक्याच्या खुंट्या घेऊन मोजणीला आली. दुपारपर्यंत त्यांनी पुईचा गवती चहा उपटला आणि त्याखालून हद्दीचा दगड काढला. दुसरा दगड रस्त्याच्या कडेला सापडला. दोन्ही दगडांमध्ये दोरी ताणली.

दोरी आमच्या घराच्या भिंतीजवळून गेली. देऊळ दोरीच्या पलीकडे राहिलं. चांगलं दोन पावलं पलीकडे.

इथं मला थोडं बोलू द्या. आम्ही आलो तेव्हा कुंपण नव्हतं, बिल्डरचा पत्ता नव्हता आणि गवत कमरेएवढं होतं. हद्द मी स्वतः काढली होती, सूर्य बघून, पावलं मोजून. कोणाला विचारायची गरज वाटली नाही. भूगोलाचा मास्तर घरात असताना विचारायचं कोणाला?

थवीकाकांनी दोरी बोटानं छेडून पाहिली. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही फळ्यावर आपल्या देशाचा नकाशा काढता, तेव्हा लाओसवाले काही म्हणत नाहीत का?"

मालीवानमावशींनी सरळ मुद्द्याला हात घातला. "म्हणजे नवस पावला की हो तुमचा."

"कुठे पावला?"

"राखणदार ज्या भूमीवर उभा ती विका म्हणालात. विकली त्यानं. देवानं अजून काय करायचं, पेढे वाटायचे?"

फरक स्पष्ट करा : नवस बोलणारा आणि नवस पावलेला.

प्लॉट घेणाऱ्या ओरापिनबाई बँकॉकच्या साम्पेंग बाजारात बटणांच्या घाऊक व्यापारी. विधवा, सडसडीत, समोरच्याच्या शर्टाकडे आधी आणि तोंडाकडे मग बघणाऱ्या. मी माफी मागायला गेलो तर त्यांनीच हात जोडले.

"मास्तर, मला स्वतःलाच कळत नव्हतं मी इथं जागा का घेतली. जात होते वेगळीच जागा बघायला. वाटेत लाल सरबताची बाटली दिसली. इतकी तहान लागली की गाडी थांबवली. उतरले, आणि पाय निघेना. आता कळलं, बोलावणं होतं."

"पण बोलावणं चुकून गेलं हो. मी माझ्या घरासाठी बोललो होतो."

"माझ्यापर्यंत बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "देऊळ मात्र इथून हलवायचं नाही."

तेव्हा प्रश्न असा : नवस मी बोललो, जागा त्यांना मिळाली, तर फेडायचा कोणी? वसाहतीत दोन तट पडले. थवीकाकांच्या मते जीभ माझी, तर अंडीही माझी. मावशींच्या मते खाल्लं ज्यानं, ताट त्यानं उचलावं. शेवटी ब्राह्मणबुवांना बोलावलं. पांढऱ्या कपड्यातले बुवा दोरीच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे फिरले आणि म्हणाले, "दोघांनी मिळून फेडा. ते सोपं आहे. अवघड वेगळंच आहे."

"काय?"

"यांचा राखणदार इतकी वर्षं सरबत पितोय. तुमच्या जमिनीचा कुठाय?"

आम्ही सगळे आमच्या अंगणाकडे बघायला लागलो. जसं काही तो तिथं कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी उभा असेल.

पुईचा चेहरा उतरला. "म्हणजे घरच्याला उपाशी ठेवून मी शेजाऱ्याला वाढत होते," ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला मात्र, माझा स्वभाव, वेगळंच वाटत राहिलं. इतकी वर्षं त्यानं काय केलं असेल? कुंपण नसलेल्या अंगणात बसून शेजारच्याच्या बाटलीतली नळी बघत राहिला असेल? रागावला असेल, की त्यालाही हद्द ठाऊक नव्हती? आणि घर न विकलं जाणं हा राग म्हणायचा की जाऊ नका म्हणायची रीत?

(नाचाविषयी थोडक्यात. नर्तकी आल्या, सोनेरी मुकुट घालून, एका टेम्पोतून. पहिल्याच फेरीत त्यांची कॅसेट यंत्रात गुंडाळली गेली. थवीकाका घरात पळाले आणि ट्रम्पेट घेऊन आले. त्यांना मानवंदनेची धून तेवढी अजून पाठ होती. नर्तकी पोरींचं कौतुक करावं तितकं थोडं, त्या बोटं तशीच मागे वळवत त्या धुनीवर नाचल्या. कुत्री सुरात सूर मिळवत होती. ओरापिनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंडी त्यांच्या दुकानातल्या मुलींनी सोलून आणली होती, एकावरही ओरखडा नाही.)

सावलीचा अभ्यास करा.

आता आमच्या जमिनीवर नवं देऊळ हवं. बुवांचा नियम जुनाच : देवळावर घराची सावली कधीही पडता कामा नये. मी ठरवलं, या वेळी चूक नाही. सुट्टीच्या दिवशी खडू घेऊन अंगणात बसलो आणि सावली सरकेल तशा रेघा ओढत गेलो. दुसऱ्या ऋतूंचा हिशोब कागदावर केला. सकाळची सावली पश्चिमेला, दुपारनंतरची पूर्वेला, थंडीतली उत्तरेला. हे सगळं वगळून जी जागा उरली ती दक्षिणेला. ती गेटाच्या बरोबर मधोमध होती.

"पुन्हा मोजा," पुई म्हणाली.

मोजलं. सूर्यानं मत बदललं नव्हतं.

तिथं देऊळ बांधलं तर गाडी आत येणार नाही. गाडी आत न येणारं घर इतक्या लांब कोण घेईल? नाही बांधलं तर राखणदाराशिवायचं घर कोण घेईल? मी ही अडचण तज्ज्ञांपुढे, म्हणजे मावशींच्या गाडीवर, मांडली.

"देऊळ बांधा," थवीकाका म्हणाले. "गिऱ्हाईक बिनगाडीचं शोधा."

"गाडी नसलेल्याकडे घर घ्यायला पैसे कुठून येतील, काका?"

"मग गाडी असलेला, पण चालायला आवडणारा शोधा."

पुईनं कोणाचं ऐकलं नाही. "विकलं जावो न जावो," ती म्हणाली. "त्याला आता उन्हात ठेवणार नाही मी." देऊळ गेटात उभं राहिलं. आमची जुनी गाडी बाहेर रस्त्यावर राहू लागली आणि घर बघायला येणारी माणसं देवळाला हात जोडून बाहेरच्या बाहेर परतायला लागली.

असे झाले तर काय होईल?

सोंगक्रान तोंडावर आला असताना ओरापिनबाई गेटातून अंग चोरून आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं घर मीच घेते. माझ्या बहिणीला. दोन्ही जमिनी एक झाल्या की हद्दीचा प्रश्नच उरत नाही." किंमतही त्यांनीच सांगितली. मी पाटीवर सुरुवातीला लिहिली होती, आणि नंतर लाजून दोनदा खोडली होती, तीच.

मी पुईकडे पाहिलं. पुईनं माझ्याकडे. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि फोन वाजला.

चात होता. "बाबा, बसलायत ना तुम्ही?"

"का रे? खाओपुन बरी आहे ना?"

"ती मजेत आहे. आमचा मजला विकला गेला. अख्खा. एका कंपनीनं घेतला, सगळं पाडून मोठे फ्लॅट करणार म्हणे. तुमचा तो फ्लॅटही त्यात गेला. मालकीणबाई रडत होत्या, पण भावच तसा आला. आणि आम्ही भाड्याचे. आम्हाला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय. बाबा, आसपास परवडेल असं काही उरलेलं नाही." मग म्हणाला, "तुमचं घर विकलं का?"

आयुष्यात प्रथमच त्या प्रश्नाचं उत्तर मला आवडलं. "अजून तरी नाही," मी म्हणालो.

"मग आम्ही येऊ का? मला कामावर जायला लांब पडेल. मीव म्हणते, पडू दे."

फोन ठेवून मी बाहेर आलो. ओरापिनबाई वाट बघत होत्या. दारात थवीकाका आणि मावशीही होत्या. त्यांना कोणी बोलावलं होतं ते विचारण्यात अर्थ नसतो. आणि मी, ज्याच्या दारातून नळ सोडून, फरशीवर लोळून, अक्षराचं कौतुक करून सगळी दुनिया परत गेली होती, तो मी, चष्मा पुसून म्हणालो, "ओरापिनबाई, क्षमा करा. घर विकायचं नाही."

बाजार सुधारणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. नाही म्हणायला समोर गिऱ्हाईक असणं.

"वेड लागलंय याला," मावशी म्हणाल्या.

"भाव वाढवतोय," थवीकाका हळूच म्हणाले. "हुशार आहे मास्तर."

ओरापिनबाई उठल्या. माझ्या शर्टाकडे बघून म्हणाल्या, "तिसरं बटण निघालंय. पाठवून देते." रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बटण आलं, त्याच रंगाचं.

थोडक्यात उत्तर लिहा : शेवटी काय झाले?

सोंगक्रानच्या आदल्या दिवशी ती तिघं आली. टेम्पो गेटाबाहेर थांबला, आत येणार कसा? गाद्या, पाळणा, पंखा, सगळं देवळाला वळसा घालून वसाहतीनं हातोहात आत आणलं. पुई नवी, सणासुदीची लुंगी नेसून सकाळपासून उंबऱ्यात उभी होती. मीवनं खाओपुनला तिच्यापुढे धरलं.

नातीनं आजीकडे पाहिलं. टक्क जागी होती. मग तिनं असं भोकाड पसरलं की कुत्र्यांनी प्लॉट बदलला.

"नवी माणसं आहेत ना," चात म्हणाला. "होईल सवय."

पुईनं खुळखुळा वाजवून पाहिला. खीर देऊन पाहिली. मी आल्प्स पर्वताचं चित्र दाखवलं. पोर आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडतच राहिली. पुई स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. थोड्या वेळानं चातचा मोबाइल वाजला. त्यानं पाहिलं, जरा चमकला, आणि तो लेकीच्या कानाला लावला.

रडणं थांबलं.

"हॅलो, खाओपुन," पलीकडे, म्हणजे भिंतीपलीकडे, पुई म्हणत होती, "काय जेवलीस? मांजर आलं होतं का? सांग बरं आजीला." रोज संध्याकाळी फोनवर बोलायची तसंच. पोर दोन्ही हातांनी मोबाइल धरून, मान डोलावत, हसत बसली.

तेव्हापासून आमच्या घरात असं चाललंय. नात पुढच्या खोलीत बसते, आजी आतून फोन करते. पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातून. मग जिन्यातून. काल पुई दाराच्या आड, फोनची वायर ताणून, हाताच्या अंतरावर उभी होती आणि पोर आवाज कुठून येतोय ते बघायला दारापर्यंत रांगत आली. थवीकाकांचं म्हणणं, दार एकदम उघडावं. मावशींचं म्हणणं, मुळीच उघडू नये. पुईला कोणाचंच म्हणणं ऐकू येत नाही, ती फोनवर असते.

आज मी म्हणालो, आता माझी पाळी. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवर गेलो, नंबर फिरवला. पलीकडे लहानसा श्वास ऐकू आला.

"हॅलो," मी म्हणालो, "आजोबा बोलतोय."

श्वास जरा थांबला. मग फोन बंद झाला.

घरी आलो तर पुई दारात उभी. "छान झालं की," ती म्हणाली. "रडली नाही."